प्रॉम्प्टरवर ‘शेतकऱ्यांनी’चं ‘शेतकर्यांनी’ का होतं आणि ते कायमचं कसं थांबवायचं

संध्याकाळी साडेसातचं बुलेटिन, पहिलीच बातमी उसाच्या दराची. अँकरनं ‘दर जाहीर करा या मागणीसाठी’ इतकं वाचलं आणि पुढच्या शब्दावर अर्धा क्षण अडखळली. मी पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये, रनडाऊन (बुलेटिनमधल्या बातम्यांची क्रमवार यादी) सांभाळत होते, अँकर ज्यावरून वाचते त्या प्रॉम्प्टरचा मॉनिटर माझ्या समोरच होता. त्यावर लिहिलं होतं ‘शेतकर्यांनी’. य च्या डोक्यावर सरळसोट रेफ. तिनं सावरून ‘शेतकऱ्यांनी’ असंच वाचलं, कारण हा शब्द ती घरी लहानपणापासून ऐकत आलीय. माझ्या हातातल्या छापील स्क्रिप्टवर मात्र शब्द अगदी बरोबर होता.

असं आठवड्यातून दोन-तीनदा व्हायचं. बघणाऱ्याला कळत नाही, अँकर सांभाळून घेते, म्हणून आम्हीही ते चालवून घेतलं. मग एका लग्नातल्या विषबाधेची बातमी आली. ‘पोलिसांनी दोन आचाऱ्यांना चौकशीसाठी ताब्यात घेतलं’ असं वाक्य होतं आणि त्या दिवशी अँकर नवीन होती. तिनं समोर दिसलं ते वाचलं: ‘दोन आचार्यांना ताब्यात घेतलं’. आमच्या भागात मठ, स्वामीजी, आचार्य ही माणसं लोकांच्या घरातली आहेत. दहा मिनिटांत फोन सुरू झाले. पुढच्या बुलेटिनला दुरुस्ती वाचावी लागली. ती मुलगी मेकअप रूममध्ये रडत बसली होती, आणि तिची काडीचीही चूक नव्हती.

त्या रात्री ठरवलं की याचं मूळ शोधायचं. शोधायला तीन आठवडे लागले. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात जी लहान चॅनेल आणि केबलची बुलेटिनं मराठीत चालतात, त्यांतल्या बहुतेकांना हे दुखणं असणार. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी आम्ही कुठं कुठं चुकलो ते सांगते, म्हणजे तुमचा तेवढा वेळ वाचेल.

पहिला संशय वार्ताहरावर घेतला. खानापूरच्या वार्ताहराच्या बातमीतच हा शब्द हमखास मोडतो, निपाणीच्या वार्ताहराच्या बातमीत कधीच नाही, हे डेस्कवरच्या सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. ‘त्याला शुद्धलेखन येत नाही’ असं ठरूनच गेलं. ही शोधाशोध सुरू होण्याआधीच दोन महिने त्याची प्रत्येक बातमी कुणी ना कुणी लाल करून परत पाठवत होतं. तो बिचारा फोनवर म्हणायचा, “अक्का, मी बरोबरच लिहितोय की हो. माझ्या मोबाइलवर बघा, बरोबर दिसतंय.” आणि ते खरं होतं. त्याच्या मोबाइलवर बरोबर, मेलमध्ये बरोबर, रनडाऊनमध्ये बरोबर, कागदावर बरोबर. प्रॉम्प्टरवर तेवढं चूक.

दुसरा संशय फॉन्टवर. प्रॉम्प्टरच्या मशीनवर चार वेगवेगळे युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) फॉन्ट टाकून बघितले. चारही फॉन्टमध्ये रेफ तसाच. ही खूण तेव्हाच ओळखायला हवी होती. फॉन्ट बदलून अक्षराचं वळण बदलतं पण चूक तीच राहते, याचा अर्थ फॉन्टकडे चुकीचंच अक्षर पोचतंय.

तिसरी चूक सगळ्यांत महागात पडली. आमच्यातल्या एकानं प्रॉम्प्टरच्या सॉफ्टवेअरमध्येच ‘शोधा आणि बदला’ लावून दिलं: जिथं ‘र्य’ असेल तिथं ‘ऱ्य’ करा. पहिल्या दोन बातम्यांना सगळे खूश. तिसऱ्या बातमीत ‘जिल्हाधिकारी काऱ्यालयापऱ्यंत मोर्चा’ असं आलं. कार्यालय, पर्यंत, पर्याय, सूर्य, धैर्य, मर्यादा, कार्यक्रम, कार्यकर्ते, सगळे शब्द एका फटक्यात मोडले. बातम्यांच्या मराठीत ‘शेतकऱ्यांनी’ जितक्या वेळा येतं त्याहून ‘कार्यालय’ आणि ‘पर्यंत’ जास्त वेळा येतात. हा उपाय कुणीही करू नका.

चौथ्या खेपेला वही घेतली. आठ दिवस रोज, मोडलेला प्रत्येक शब्द, बातमी कुणाची, कशावर टाइप केली, कोणत्या वाटेनं आली, एवढं लिहून ठेवलं. नवव्या दिवशी वही उघडली तर चित्र स्वच्छ होतं. मोबाइलच्या एका फोनेटिक (उच्चाराप्रमाणे टाइप करायच्या) कळफलकावर लिहिलेल्या सगळ्या बातम्या मोडत होत्या. डेस्कवर इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकानं लिहिलेली एकही मोडत नव्हती. निपाणीचा वार्ताहर लॅपटॉपवर इनस्क्रिप्टच वापरतो. गोष्ट शुद्धलेखनाची नव्हती, कळफलकाची होती.

आता कारण. डोळ्याला एकच दिसणारं ‘ऱ्य’ कॉम्प्युटरच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिता येतं, आणि युनिकोडला दोन्ही मान्य आहेत.

पहिली तऱ्हा: ज्याच्याखाली नुक्ता (टिंब) असतो तो ऱ, त्याचा युनिकोड क्रमांक ०९३१. त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडल्याची खूण, क्रमांक ०९४डी. मग य. तीन अक्षरं मिळून ‘ऱ्य’.

दुसरी तऱ्हा: आपला नेहमीचा र, क्रमांक ०९३०. त्याला हलन्त. त्यानंतर एक अदृश्य अक्षर, क्रमांक २००डी, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. मी त्याला जोडक म्हणते. मग य. चार अक्षरं मिळून तेच ‘ऱ्य’. ही सोय युनिकोडच्या २.० आवृत्तीत लिहिलेला मजकूर पुढंही नीट दिसावा म्हणून ठेवलेली आहे.

दुसऱ्या तऱ्हेतलं जोडक गळून पडलं की उरतं र, हलन्त, य. आणि र, हलन्त, य म्हणजे ‘र्य’. य वर रेफ. चौकोन नाही, प्रश्नचिन्ह नाही, लाल रेघ नाही. एक अगदी सभ्य, शुद्ध दिसणारं मराठी अक्षर तयार होतं, फक्त शब्द वेगळा असतो. म्हणून हा दोष इतके दिवस लपून राहतो. दऱ्या म्हणजे डोंगराच्या, दर्या म्हणजे समुद्र. आचारी स्वयंपाक करतो, आचार्य शिकवतो.

मग जोडक गळतं कुठं? रनडाऊनमधून बातमी प्रॉम्प्टरकडे, ग्राफिक्सकडे आणि प्लेआउटकडे (क्लिप हवेवर सोडणाऱ्या मशीनकडे) जाते ती बहुतेक ठिकाणी मॉस नावाच्या प्रोटोकॉलनं. न्यूजरूमचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, प्रॉम्प्टर दुसऱ्या कंपनीचा, तरी दोघांना एकमेकांचं कळावं म्हणून १९९८ पासून ही भाषा बनत गेली. तिच्यात युनिकोड आहे, त्यामुळे मॉसमध्ये देवनागरीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन्ही टोकांना. वर्ड, व्हॉट्सॲप, वेबपेज यांतून चिकटवलेल्या मजकुरात नाना प्रकारची अदृश्य चिन्हं येतात: न तुटणारी स्पेस, शून्य रुंदीची स्पेस, फाइलच्या सुरुवातीचं चिन्ह. त्यांच्यामुळे प्रॉम्प्टरवर ओळी वेड्यावाकड्या तुटतात. म्हणून अनेक सॉफ्टवेअरमध्ये मजकूर आत घेताना ‘अदृश्य चिन्हं काढून टाका’ अशी चाळणी असते. देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा ०९०० ते ०९७एफ. जोडकाचा क्रमांक २००डी, म्हणजे पट्ट्याबाहेर. चाळणी लिहिणाऱ्याला मराठी माहीत नसेल तर जोडक त्याला केरच वाटणार. आमच्याकडे ही चाळणी प्रॉम्प्टरच्या आयात-सेटिंगमध्ये होती. तुमच्याकडे रनडाऊनमध्ये पेस्ट करतानाच असू शकेल. तसं असेल तर शब्द छापील स्क्रिप्टवरही मोडलेला दिसेल. कागदावर बरोबर आणि प्रॉम्प्टरवर चूक, तर गळती रनडाऊनच्या पुढं आहे. दोन्हीकडे चूक, तर ती रनडाऊनच्या आधी किंवा तिथल्या तिथं आहे. पाच मिनिटांचं काम आहे, आधी एवढं बघून घ्या.

आणि एखाद्या बातमीत कुठल्या तऱ्हेचं ‘ऱ्य’ आहे ते ओळखायचं असेल तर तो शब्द साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. य च्या पुढं कर्सर ठेवून एकेकदा बॅकस्पेस दाबा. य गेला की मागं अर्धा ऱ उरतो. आणखी एकदा दाबल्यावर खाली नुक्ता असलेला पूर्ण ऱ दिसला, तर तो पहिल्या तऱ्हेचा, टिकाऊ. नुक्ता नसलेला र आणि त्याला पाय मोडल्याची खूण दिसली, तर तो जोडकाचा. खानापूरच्या वार्ताहराच्या बातमीवर हे केलं आणि पडद्यावर पाय मोडलेला र उभा राहिला, तेव्हा डेस्कवर कुणी काही बोललं नाही. दोन महिने लाल केलेल्या बातम्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होत्या. मी त्याला लगेच फोन केला आणि चूक तुमची नव्हती, आमच्या मशीनची होती, हे सांगून माफी मागितली. तो म्हणाला, “जाऊ द्या अक्का, आता नीट होतंय न्हवं?”

एक तिसरी तऱ्हाही आहे, क्वचित भेटते. ०९३१ हा ऱ युनिकोडच्या नियमानं सुटा करून र अधिक नुक्ता (०९३सी) असाही ठेवता येतो. जुन्या मॅकची फाइल-व्यवस्था फाइलचं नाव असंच सुटं करून ठेवायची. आमचा एक एडिटर क्लिपला मराठीत नाव द्यायचा, ‘शेतकऱ्यांचा मोर्चा’ वगैरे. रनडाऊनमधलं नाव आणि क्लिपचं नाव डोळ्याला सारखं, पण मशीनला वेगळं. मग क्लिप सापडत नाही, आणि पीसीआरमध्ये आरडाओरडा. यावर उपाय करत बसू नका. स्लग (रनडाऊनमधलं बातमीचं छोटं नाव) आणि फाइलची नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा, विषय संपला. मराठीची माया बातमीत दाखवावी, फाइलच्या नावात नको.

आता उपाय. तीन ठिकाणी केला, आणि तिन्हींची गरज आहे.

पहिलं ठिकाण, लिहिणाऱ्याचा हात. डेस्कवर इनस्क्रिप्ट असेल तर शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ, मग डी वर हलन्त, मग य. हे अंगवळणी पडायला दोन दिवस पुरतात. वर्डमध्ये एखादाच शब्द दुरुस्त करायचा असेल तर इंग्रजी आकड्यांत ०९३१ टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबा, ऱ उमटतो. मोबाइलवर लिहिणाऱ्या वार्ताहरांना सांगा, आपल्या कळफलकावर ‘दुसऱ्या’ लिहून वरची बॅकस्पेसची परीक्षा करून बघा. पण फक्त यावर विसंबू नका. पारिश्वाडच्या वळणावर दुचाकी थांबवून, पावसात एका हातानं बातमी टाइप करणाऱ्या माणसाला कुठलं ऱ कुठल्या तऱ्हेचं हे सांगत बसणं अन्यायाचं आहे. त्यानं बातमी पाठवावी, बाकीचं मशीननं करावं.

दुसरं ठिकाण, दार. बाहेरून येणारा प्रत्येक मजकूर रनडाऊनमध्ये जाण्याआधी एका दारातून जाईल अशी सोय केली. आमच्या तांत्रिक विभागातल्या मुलानं छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. एका फोल्डरमध्ये मजकूर टाकायचा, दुसऱ्या फोल्डरमधून स्वच्छ उचलायचा. ती पुढची कामं करते आणि याच क्रमानं करते. र, हलन्त, जोडक हा तुकडा दिसला की त्याजागी ऱ, हलन्त. र, नुक्ता, हलन्त दिसला की त्याजागीही ऱ, हलन्त. हे झाल्यावर मग उरलेली अदृश्य चिन्हं काढायची.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी अदृश्य चिन्हं काढली तर जोडक गेलं, आणि एकदा गेलं की कुठलंही मशीन ते शब्दकोशाशिवाय परत आणू शकत नाही. ‘र्य’ बघून हा शेतकरी आहे की सूर्य, हे त्याला कळायचं कसं? माणसाला कळतं. मूळ शब्द री किंवा रा नं संपत असेल तर ऱ्य: अधिकारी, अधिकाऱ्यांनी. वारा, वाऱ्यानं. मूळ शब्दातच र्य असेल तर र्य: आचार्य, आचार्यांनी. पण जोडक जिवंत असताना केलेला बदल शंभर टक्के सुरक्षित आहे. ‘कार्यालय’मध्ये जोडक नसतंच, म्हणून त्याला धक्का लागत नाही. ‘पुनर्रचना’लाही लागत नाही. प्रॉम्प्टरमध्ये केलेली बदली आणि दारात केलेली बदली यांत हाच जमीन-अस्मानाचा फरक.

स्क्रिप्ट लिहिणारं कुणी नसेल तर नोटपॅड प्लस प्लसमध्ये हेच हातानं करता येतं. जोडकाच्या तऱ्हेचा ‘र्‍’ एकदा एका फाइलमध्ये जपून ठेवा, शेजारी टिकाऊ ‘ऱ्’ ठेवा. एक ‘शोधा’च्या खान्यात, दुसरा ‘बदला’च्या खान्यात. बुलेटिनच्या आधी एकदा फिरवला की झालं.

तिसरं ठिकाण, प्रॉम्प्टरची चाळणी. तिच्यात २००डी आणि तिच्या शेजारचा २००सी हे दोन क्रमांक सोडून द्या असं सेटिंग असेल तर लावा. २००सी हा नॉन-जॉइनर, ‘वाङ्‌मय’सारख्या शब्दात ङ चा मोडलेला पाय दाखवायला लागतो. तो गळला तर फक्त रूप बदलतं, अर्थ नाही. सेटिंग नसेल तर पुरवठादाराला लिहून कळवा, आणि लिहिताना दोन शब्दांची जोडी द्या: आचाऱ्यांना, आचार्यांना. ‘मराठी नीट दिसत नाही’ असं लिहिलं की ते फॉन्ट पाठवतात. जोडी दिली की पलीकडच्या माणसाला मराठी येत नसलं तरी दोन वेगळे शब्द एकसारखे होताहेत हे त्याला दिसतं.

प्रॉम्प्टरवर चूक दिसली की ती कशी दिसते यावरून रोग ओळखायची सवय लावून घ्या. रेफ आला तर जोडक गळलंय. ऱ खाली नुक्ता आणि पुढं पाय मोडल्याची खूण सुटी दिसली तर मजकूर बरोबर आहे, पण प्रॉम्प्टरच्या सॉफ्टवेअरला किंवा फॉन्टला अक्षरं जोडता येत नाहीत. इथं फॉन्ट बदलून किंवा आवृत्ती बदलून फरक पडतो. पोकळ चौकोन आला तर ते अक्षर फॉन्टमध्ये नाही. हे ‘ॲ’चं नेहमी होतं. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा (०९७२) २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाली, त्याआधीच्या फॉन्टला ते अक्षर माहीतच नाही. कोर्टाच्या प्रत्येक बातमीत ‘ॲड.’ येतं आणि अपघाताच्या प्रत्येक बातमीत ‘ॲम्ब्युलन्स’, तेव्हा जुना फॉन्ट काढूनच टाका. आणि ठिपक्यांचं वर्तुळ आलं तर एखादी मात्रा अनाथ झालीय.

हे ठिपक्यांचं वर्तुळ आमच्या भागात एका खास वाटेनं येतं. सरकारी कचेऱ्यांच्या प्रेस नोट कन्नडमध्ये येतात. डेस्कवर सगळ्यांनाच कन्नड वाचता येतं असं नाही, ऐकून समजतं पण वाचायला वेळ लागतो. मग घाईत कुणीतरी त्याचं यांत्रिक लिप्यंतर देवनागरीत करून घेतं, गावांची आणि अधिकाऱ्यांची नावं त्यातून उचलतं. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत. मराठीत ऱ्हस्व ए नाही. मशीन तो प्रामाणिकपणे वेगळ्या मात्रेनं लिहितं, आणि स्क्रिप्टमध्ये ‘बॆळगावि’, ‘बैलहॊंगल’ असं येतं. मात्रेकडे नीट बघा, ती आपली मात्रा नाही. काही फॉन्ट ती दाखवतच नाहीत, काही वर्तुळावर बसवतात. आमच्या दारातल्या स्क्रिप्टमध्ये आता या दोन मात्रांची बदलीही आहे, ऱ्हस्व ए ची साधी एक मात्रा आणि ऱ्हस्व ओ चा साधा काना-मात्रा. शिवाय भिंतीवर तालुक्यांच्या नावांचा कागद लावलाय: चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी, सौंदत्ती, बैलहोंगल, रामदुर्ग, कित्तूर. मशीन काहीही देवो, वाचायचं ते या कागदावरचं.

(‘ऱ्हस्व’ या शब्दातही तोच र आहे. कऱ्हाड, गाऱ्हाणं, तऱ्हा यांतही. तेव्हा बदलीचा नियम फक्त य पुरता लिहू नका. हलन्तापर्यंतचा तुकडा बदला, पुढं य असो की ह.)

कन्नड प्रेस नोट जुन्या नुडी फॉन्टमध्ये असेल, किंवा मराठी निवेदन डीटीपीच्या दुकानातून श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप होऊन आलेलं असेल, तर तो मजकूर थेट रनडाऊनमध्ये कधीच चिकटवू नका. या फॉन्टमध्ये अक्षराचं चित्र आपलं असतं, पण आत साठवलेलं अक्षर रोमन असतं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ते रोमन अक्षरांची आणि डोक्यावर टोप्या घातलेल्या स्वरांची माळ होऊन दिसतं. कन्व्हर्टरनं बदलून घ्या आणि बदलल्यावर पहिली वेलांटी, रेफ आणि हाच आपला ऱ, एवढं डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रेफ नंतर. कन्व्हर्टरला ती अदलाबदल करावी लागते आणि तिथंच तो घसरतो.

ग्राफिक्सच्या पट्टीबद्दल फार लिहीत नाही, कारण प्रत्येकाचं मशीन वेगळं. आमचं पट्टीचं मशीन प्रॉम्प्टरपेक्षा जुनं आहे. पट्टीचा मजकूर प्रॉम्प्टरवर बरोबर आला म्हणून पट्टीवर बरोबर येईल असं समजू नका, स्वतंत्र तपासा. पट्टी घराघरांत वाचली जाते. आमच्याकडे १९५६ नंतर, म्हणजे हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यावर, जन्मलेल्या तीन पिढ्यांनी मराठी टिकवलीय ती घरात, शाळेत आणि छापील पेपरात. आज कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जाणारी पोरं संध्याकाळी आजीशेजारी बसून टीव्हीवरची पट्टी मोठ्यानं वाचतात. त्या पट्टीवर ‘शेतकर्यांनी’ गेलं तर पोरगं तेच शिकणार. म्हणून मला याची इतकी तळमळ आहे.

याच शोधात आणखी एक गोष्ट सापडली, तीही रोजचीच आहे. बातमीची वेळ. न्यूजरूमचं सॉफ्टवेअर शब्द मोजतं आणि अँकरच्या वाचनाच्या वेगानं भागून सेकंद दाखवतं. तो वेग आमच्याकडे मिनिटाला १८० शब्द असा पडून होता, इंग्रजीच्या हिशेबानं. मराठीत ‘महानगरपालिकेसमोरच्या’ हा एक शब्द, तोंडातून जायला मात्र तीन शब्दांचा वेळ लागतो. अँकरकडून पूर्ण दोन मिनिटं घड्याळ लावून वाचून घ्या. तिनं २४० शब्द वाचले तर तिचा वेग मिनिटाला १२० शब्द. ६० शब्दांची बातमी १८० च्या हिशेबानं २० सेकंदांची दिसते, प्रत्यक्षात ३० सेकंद जातात. अशा १२ बातम्या असल्या की बुलेटिन २ मिनिटं लांबतं, आणि शेवटची हवामानाची बातमी रोज कापली जाते. आमची रोज कापली जात होती. प्रत्येक अँकरचा वेग वेगळा मोजून तिच्या नावावर लावा. आकडेही अक्षरांत लिहा. ‘३,४५,०००’ हा सॉफ्टवेअरला एक शब्द आहे, अँकरला चार: तीन लाख पंचेचाळीस हजार. शिवाय इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुली एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळतात, अक्षरांत लिहिलेलं असलं की थांबत नाहीत.

जुन्या बातम्यांचा साठा राहिला. ‘शेतकऱ्यांनी’ असं शोधलं की एका तऱ्हेच्याच बातम्या सापडतात, दुसऱ्या तऱ्हेच्या साठ्यात असून दिसत नाहीत. हिडकल धरणाच्या पाण्याची मागच्या वर्षीची बातमी मला अशीच सापडत नव्हती. दारातली स्क्रिप्ट साठ्याच्या प्रतीवर एकदा फिरवली तर शोध नीट चालतो. आधी प्रत काढा, मग फिरवा. ज्या बातम्यांतलं जोडक आधीच गळलंय त्या मात्र हातानंच दुरुस्त कराव्या लागतात. आम्ही रोज दहा करतो.

बदल केल्यावर तपासायला एक वाक्य बनवलंय. वाक्याच्या अर्थात काही नाही, पण मोडण्यासारखं जवळपास सगळं त्यात आहे. जसंच्या तसं उचला:

‘चोर्ल्याच्या दऱ्यांतून दर्याकडे निघालेल्या ॲम्ब्युलन्समधल्या आचाऱ्यांनी आचार्यांना कऱ्हाडच्या शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं पुनर्रचना कार्यालयापर्यंत ऱ्हस्व-दीर्घासह लिहून पोचवलं.’

हे एकदा इनस्क्रिप्टनं आणि एकदा वार्ताहराच्या मोबाइलवरून, व्हॉट्सॲपनं मागवून घ्या. दोन्ही दारातून काढून रनडाऊनमध्ये टाका, आणि मग कागद, प्रॉम्प्टर, पट्टी तिन्ही ठिकाणी शेजारी शेजारी ठेवून वाचा. दऱ्या आणि दर्या वेगळे दिसले पाहिजेत, आचारी आणि आचार्य वेगळे दिसले पाहिजेत, कार्यालय शाबूत पाहिजे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली किंवा मशीन बदललं की पुन्हा एकदा वाचा. गेल्या पावसाळ्यात प्रॉम्प्टरचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि चाळणी परत मूळ सेटिंगवर गेली होती. सकाळी हे वाक्य चालवलं, तेव्हा आचाऱ्यांच्या जागी आचार्य दिसले आणि साडेसातच्या आत दुरुस्त झालं. वाक्य वाचायला स्टुडिओत तीच नवी अँकर बसली होती. आता ती नवी राहिलेली नाही, आणि सकाळी आल्या आल्या हे वाक्य ती आपण होऊन लावते.